चौथं बटण

काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेला एक बेडूक. त्याच्या खाली एक चौकट, चौकटीखाली नारिंगी रंगाची चार बटणं: फाइट, अ‍ॅक्ट, आयटम, मर्सी. ‘अंडरटेल’ या व्हिडिओ गेममधली बहुतेक लढाई अशी उभी राहते. पहिल्या बटणाने मारायचं, दुसऱ्याने समोरच्याशी काहीतरी वागून बघायचं, तिसऱ्याने जवळचं काही खायचं-वापरायचं आणि चौथ्याने सोडून द्यायचं. गेम खेळत वाढलेल्या माणसाचं बोट सवयीने पहिल्या बटणाकडे जातं. इथे मात्र चौथं बटण दाबता यावं म्हणून दुसरं बटण कसं वापरायचं, हेच शिकायचं असतं.

पाळीपाळीने लढायची पद्धत जुनी आहे. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकत, आपापली पाळी आली की काय करणार ते सांगत. १९८६च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने तीच रीत टीव्हीच्या पडद्यावर घरोघरी नेली. समोर राक्षस, बाजूला आज्ञांची यादी, खाली घडलेलं सांगणारं एखादं वाक्य. या पद्धतीत बोटांची चपळाई लागत नाही. आपली पाळी असेपर्यंत राक्षस नुसता उभा असतो. तुम्ही उठून चहा टाकून आलात तरी तो तिथेच असतो.

या थांबण्यातच विनोदाला जागा मिळते, असं मला हा गेम खेळताना सारखं जाणवत राहिलं. धावपळीच्या गेममध्ये विनोद ऐकायला सवड नसते. गोळ्या चुकवताना कोण काय बोललं ते कानावरून जातं. पाळीच्या लढाईत वाक्य एकेक अक्षराने उमटतं, अक्षरागणिक बारीक आवाज होतो, वाक्य संपल्यावर आपण झेडची कळ दाबेपर्यंत पुढे काही हलत नाही. बोलणाऱ्याला ठाऊक असतं की ऐकणारा थांबलेला आहे. नाटकात कोटी केल्यावर हशा येईपर्यंत नट जसा थांबतो, तितकी उसंत इथे प्रत्येक वाक्याला आहे.

आता तो बेडूक. त्याचं नाव फ्रॉगिट. दुसरं बटण दाबलं की यादी येते: तपासा, कौतुक करा, धमकी द्या. कौतुक केलं, तर गेम सांगतो की बोलणं त्याला कळलं नाही, पण तो सुखावला. मग त्याची पाळी. मधली चौकट लहान होते, तिच्यात एक छोटं लाल हृदय दिसतं आणि ते बाणांच्या कळांनी इकडेतिकडे हलवून आपण त्याच्याकडून येणाऱ्या माश्या किंवा बेडूकउड्या चुकवायच्या. ते हृदय म्हणजे आपण. पुन्हा आपली पाळी येते तेव्हा बेडकाचं नाव पिवळं झालेलं असतं. पिवळं नाव म्हणजे त्याची लढायची इच्छा संपली. चौथं बटण दाबायचं, लढाई मिटते. थोडी नाणी मिळतात, बाकी काही नाही.

प्रत्येक राक्षसाची पिवळं व्हायची रीत वेगळी आहे आणि ती शोधायची खूण त्याच्यावरच्या विनोदात दडवलेली आहे. व्हेजिटॉइड नावाची एक भाजी आहे. तिच्याकडे जेवण मागितलं की तिच्या माऱ्यात हिरव्या भाज्या मिसळतात. बाकीचं सगळं चुकवायचं, पण हिरवं मुद्दाम अंगावर घ्यायचं. त्याने थोडा जीवही भरून येतो. डॉगो नावाच्या पहारेकरी कुत्र्याला फक्त हलणाऱ्या वस्तू दिसतात. त्याची निळी तलवार चौकटीतून आरपार जाते तेव्हा हृदय जागचं हलवायचं नाही. हा नियम आधी सांगून ठेवलेला असतो, तरी बोट आवरून स्वस्थ बसणं पहिल्यांदा फार कठीण जातं. स्नोड्रेक हा किशोरवयीन पक्षी बर्फावरच्या कोट्या करतो आणि त्याला फक्त कुणीतरी हसायला हवं असतं. त्याने कोटी केल्यावर हसलात की झालं. आधी हसून भागत नाही.

नॅप्स्टाब्लूक या रडव्या भुताची लढाई मला विशेष आवडते. त्याचे अश्रू हाच त्याचा मारा. धीर देत राहिलं की तो अश्रूंचीच एक टोपी करून डोक्यावर घालतो आणि आवडली का, असं बिचकत विचारतो. त्याला मारत राहिलं, तर त्याच्या जीवाची पट्टी कमी होताना दिसते. शेवटी तो सांगतो की भुतं काही मरत नाहीत, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून जीव कमी करून दाखवत होतो. लढाईच्या गेममधला सगळ्यात मुख्य आकडा समोरच्याने केवळ भिडेखातर खाली आणला! एवढ्या एका प्रसंगात त्या भुताचा स्वभाव पुरता कळतो आणि जीवाच्या पट्टीवरचा आपला विश्वासही हलतो. लेसर डॉग या कुत्र्याला एकदा कुरवाळलं की तो सोडून द्यायला तयार होतो. पण कुरवाळतच राहिलात तर त्याची मान लांब होत होत पडद्याबाहेर जाते आणि दर वेळी नवं वाक्य येतं. यातून नाणी वाढत नाहीत, ताकद वाढत नाही. कुणीतरी एवढा वेळ कुरवाळत बसेल, हे धरून ती सगळी वाक्यं कुणीतरी बसून लिहिली आहेत.

तो लिहिणारा म्हणजे टोबी फॉक्स हा अमेरिकन तरुण. २०१३ साली त्याने किकस्टार्टरवर पाच हजार डॉलर मागितले, लोकांनी ५१ हजारांहून जास्त दिले. गेममेकर हे तयार साधन वापरून त्याने कथा, संवाद, नियम आणि संगीत असं जवळपास सगळं एकट्याने केलं. चित्रांत टेमी चँग हिची मोठी मदत झाली. १५ सप्टेंबर २०१५ रोजी गेम बाहेर आला. त्याआधी फॉक्स ‘अर्थबाउंड’ या जपानी गेमच्या चाहत्यांच्या मेळ्यात वावरलेला होता. शिगेसातो इतोई या जाहिरात-लेखकाने घडवलेला तो गेम १९९४चा, तोही विनोदी आणि तोही पाळीचा. त्यात मार बसला की जीवाचा आकडा गाडीच्या मीटरसारखा हळूहळू उतरतो. शून्यावर यायच्या आत लढाई जिंकली तर आपण वाचतो. आकड्यांच्या हिशेबात नाट्य आणायची ही युक्ती फॉक्सने उचलली नाही, पण तिच्या मागचा विचार उचलला: लढाईचा नियम स्वतःच काहीतरी सांगू शकतो.

टोरियेलची लढाई घ्या. गेमच्या सुरुवातीला ही बकरीसारखी दिसणारी प्रेमळ बाई आपला हात धरून कोडी सोडवून देते, एका बाहुल्यावर सराव करायला लावते आणि त्याला न मारता त्याच्याशी बोल असं शिकवते. आपल्याला जेव्हा तिचं घर सोडून पुढे जायचं असतं तेव्हा ती दार अडवते. यादीत बोलायचा पर्याय आहे, पण बोलण्यातून काही निघत नाही. नाव पिवळं होत नाही. अनेक खेळणाऱ्यांना वाटतं की आधी हिला थोडं कमजोर करावं लागेल, ते मारत राहतात आणि अचानक एका घावात ती कोसळते. वाट खरं तर चौथ्या बटणातूनच आहे: तयार नसलेल्या माणसालाही पुन्हापुन्हा सोडून देत राहायचं. ती गप्प राहते, पुन्हा आग फेकते, पुन्हा सोडायचं. मधेच लक्षात येतं की आपला जीव अगदी थोडा उरला की तिचे अग्निगोळे बाजूने वळून जातात. आपल्याला मारायचं तिच्या मनात नाही, हे ती तोंडाने सांगत नाही; ते तिच्या माऱ्याच्या रेषेत दिसतं. व्हिडिओ गेममध्ये मी पाहिलेलं हे सगळ्यात सच्चं अभिनयाचं काम आहे.

तिला मारून नंतर पस्तावलात आणि जुन्या नोंदीवरून गेम पुन्हा उघडून तिला वाचवलंत, तरी ते लपत नाही. पुढे भेटणारं एक बोलकं फूल तुम्ही काय केलं होतंत ते तोंडावर सांगतं.

सोडून देणं स्वस्तही नाही. मारल्याने पातळी वाढते, जीव वाढतो. कुणालाच मारलं नाही तर पातळी एकवर राहते आणि जीव शेवटपर्यंत वीसच. पुढचे मारे कठीण होत जातात. पॅपायरस हा फुशारकी मारणारा सांगाडा हृदय निळं करतो, की त्याला वजन येतं आणि उड्या माराव्या लागतात. अनडाइन ही पुढची लढवय्यी ते हिरवं करते, तेव्हा जागचं हलता येत नाही, फक्त ढाल फिरवायची. तिला बोलून वळवता येत नाही. चौथ्या बटणाखालचा पळून जायचा पर्याय इथे खरा उपयोगी पडतो. ती चिलखत घालून मागे धावते, हॉटलँड या धगीच्या प्रदेशात घामाघूम होऊन पडते आणि तिच्यावर पाणी ओतायचं की नाही हे आपण ठरवायचं. राजा असगोर तर लढाई सुरू होताच आपल्या त्रिशुळाने चौथं बटणच फोडून टाकतो. तोवर आपण त्याच बटणावर जगलेलो असतो, त्यामुळे पडद्यावर त्याचे तुकडे झालेले पाहून अक्षरशः दचकायला होतं.

उलट वाटही आहे. दिसेल त्याला शोधून मारत गेलात तर गावं ओस पडतात, संगीत संथ आणि खर्जातलं होतं. कोट्या करणारेच मेल्यावर गंमत करणार कोण? त्या वाटेच्या टोकाला सॅन्स उभा असतो, पॅपायरसचा आळशी भाऊ. तो पहिला वार करायचा मान आपल्याला देत नाही. आपला प्रत्येक घाव बाजूला होऊन चुकवतो. पुढे पुढे आपण यादीतून काय निवडायचं ते ठरवत असताना त्या यादीवरही हाडं येऊन आदळतात. शेवटी तो आपला खास डाव जाहीर करतो: काहीच न करणं. त्याची पाळी तो संपवतच नाही. पाळी संपली नाही तर आपली यायची नाही आणि आपली आली नाही तर त्याला मारता येणार नाही. उघडउघड रडीचा डाव, पण हरलेल्या बाजूच्या अखेरच्या माणसाने आपल्याला अडवायला खेळलेला. पाळीपाळीच्या लढाईचा मूळ करारच त्याने वेठीला धरलेला असतो. मग त्याला डुलकी लागते आणि आपण चौकट ढकलत ढकलत बटणापर्यंत नेतो. त्या वेळी जिंकल्याचा आनंद मला तरी झाला नाही.

दोष आहेत. कोडी फारशी कोडी नाहीत. मागच्या वाटेने परतताना अधूनमधून होणाऱ्या लढाया कंटाळवाण्या होतात, हॉटलँडचा मधला भाग लांबतो. गेम अधिकृतपणे इंग्रजी आणि जपानी या दोनच भाषांत आहे आणि इंग्रजीतल्या अनेक कोट्या शब्दांवरच्या आहेत. इंग्रजी वाचायची सवय नसलेल्या मुलाला त्यातलं निम्मं निसटेल. शेजारी बसून कुणी वाचून दाखवलं तर मात्र गेम छान रंगतो, कारण तो वाट बघायला तयार असतो.

खेळणार असाल तर साध्या लॅपटॉपवर चालतो, पहिली फेरी सहा-सात तासांत होते. पैसे घालण्याआधी चव बघायची असेल तर फॉक्सच्याच ‘डेल्टारून’चे पहिले दोन अध्याय फुकट मिळतात. कुणाला कसं सोडून द्यायचं याची तयार उत्तरं शोधू नका आणि पहिल्या फेरीत कुणालाही मारू नका. दुसरं बटण दाबा, समोरचा काय म्हणतो ते पूर्ण वाचा आणि मगच पुढची कळ दाबा.