बीपी, ऑक्सिडेशन आणि कोलेस्टेरॉल

रक्तदाब सतत चढा असणाऱ्यांच्या धमन्यांच्या अस्तरात सुपरऑक्साइडसारखे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढलेले आढळतात. रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा ते फडशा पाडतात, त्यामुळे वाहिन्या आखडतात. अस्तराखाली शिरलेले एलडीएल कोलेस्टेरॉलही त्यांच्या माऱ्याने खवट तेलासारखे बिघडते. ते गिळून गिळून पांढऱ्या पेशी फुगतात आणि तिथेच मेदाचा थर धरू लागतो.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात? तर्क सरळ आहे, पण हाती फारसे काही लागले नाही. ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत (२००२) २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षे ई आणि सी जीवनसत्त्वे व बीटा कॅरोटीन दिले. हृदयविकार कमी झाला नाही. त्याच चाचणीत कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन या औषधाने मात्र हार्ट अटॅक आणि पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने घटवले.

ॲस्कॉट चाचणी (२००३) तर खास बीपीच्या रुग्णांवरच झाली. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या १०,३०५ जणांत त्याच गटातल्या ॲटोरव्हास्टॅटिनच्या रोजच्या १० मिलिग्रॅमने हार्ट अटॅक आणि हृदयधमनीविकाराचे मृत्यू मिळून ३६ टक्क्यांनी कमी झाले. औषधाच्या दुकानात दर्शनी फळीवर अजूनही अँटिऑक्सिडंटच्याच डब्या असतात, ही गोष्ट वेगळी.