एका क्रीडागृहाची स्थित्यंतरे

रविवार पेठेतील आमच्या जुन्या वखारीत आता पोत्यांच्या थप्प्या लागत नाहीत. ती पाडावी की राखावी, हा प्रश्न घरात निघाला, तेव्हा लंडनच्या मेडा व्हेल भागातील एका इमारतीची हकीकत आम्हांस आठवली. व्यापारी बंधूंना ती मननीय वाटेल, म्हणून येथे देत आहोत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर इंग्लंडात चाकांचे बूट घालून लाकडी फरशीवर फिरण्याचे, म्हणजे रोलर स्केटिंगचे, विलक्षण वेड पसरले. गावोगावी क्रीडागृहे निघाली. १९०९ साली डेलावेअर रोडवर ‘मेडा व्हेल रोलर स्केटिंग पॅलेस अँड क्लब’ उभा राहिला. परंतु तेजी पाहून जो तो एकच माल भरू लागला की अखेरीस तो सर्वांच्याच अंगावर पडतो. येथेही तसेच झाले. काही वर्षांतच हौस ओसरली आणि क्रीडागृहाचा मूळ धंदा बसला.

धंदा बसला, तरी वास्तू बसली नाही. बी.बी.सी.ने १९३० साली आपला मोठा वाद्यवृंद स्थापन केला होता. १९३२ मध्ये उघडलेल्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमधील सभागृह संपूर्ण वाद्यवृंदास अपुरे पडू लागले. शंभराच्या आसपास वादक एकत्र बसावयाचे, तर ऐसपैस जागा हवी. आणि स्केटिंगसाठी बांधलेल्या घरात नेमकी तीच होती. आतील भाग नव्याने बांधून १९३४ पासून तेथे ध्वनिक्षेपण-गृहे सुरू झाली. महायुद्धकाळात बातम्यांचे राखीव केंद्र म्हणूनही ही वास्तू उपयोगी पडली. १९५८ साली तेथे ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ निघाले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे सुप्रसिद्ध शीर्षकसंगीत डेलिया डर्बीशायर यांनी १९६३ मध्ये येथेच ध्वनिफितींचे तुकडे जोडून सिद्ध केले. विख्यात गायक बिंग क्रॉस्बी यांचे अखेरचे ध्वनिमुद्रणही ऑक्टोबर १९७७ मध्ये येथेच झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी ते निवर्तले.

२०१८ साली बी.बी.सी.ने ही जागा सोडण्याचा मनोदय जाहीर केला. इमारत जाणार, या भीतीने संगीतप्रेमी मंडळी हळहळली. परंतु २०२० मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि २०२३ मध्ये चित्रपट-संगीतकार हान्स झिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेथे संगीताचेच काम चालू ठेवण्याच्या उद्देशाने, ती विकत घेतली.

स्केटिंगगृह बांधणाऱ्यांच्या स्वप्नात तरी यांपैकी काही आले असेल काय? त्यांनी जागा मात्र मोकळी व प्रशस्त बांधली, आणि पुढील पिढ्यांना तेवढे पुरले.

आमच्या वखारीची बरोबरी त्या वास्तूशी नाही, हे आम्ही जाणतो. तथापि मुलांना आम्ही इतकेच सांगितले आहे की, कुदळ लावण्यापूर्वी तुळया व भिंती एखाद्या जाणत्या गवंड्यास दाखवा. आमचा धंदा आटोपला, म्हणून भिंतींचेही काम आटोपले असे होत नाही.