न पाहता केलेली सही

आर्णीच्या शाखेत मी १९८४ साली काम करू लागलो, तेव्हा संध्याकाळ घड्याळावर होत नसे. जमा-नावे जुळलं की संध्याकाळ. दहा पैशांचा फरक निघाला तरी सगळी शाखा व्हाऊचरं उलटत बसायची. वीज गेली की कंदील. त्याच साली डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. पण आमच्याकडचं यंत्र म्हणजे हँडल फिरवून बेरीज करायचं एक खडखडणारं डबडं.

मृगाच्या तोंडावर एका शेतकऱ्याची रक्कम त्याच नावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या पानावर चढली. एकूण बेरीज जुळत होती, म्हणून दिवस बंद झाला. तो माणूस तीन दिवस येत राहिला. “पैसे आले का जी, सायेब?” मी लेजर उघडून नाही म्हणत राहिलो. चौथ्या दिवशी चूक सापडली, तोवर त्याने बियाण्यासाठी सावकाराचे पैसे उचलले होते. नोंद कारकुनाची होती. पण तपासल्याची सही माझी होती. न पाहता केलेली.

हे आठवायचं कारण माझी पुतणी. ती पुण्यात पतसंस्थांसाठी जावा भाषेत सॉफ्टवेअर लिहिते. दिवाळीत घरी आली, तेव्हा मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. माझी समजूत, की ही सगळं स्वतः लिहीत असेल. ती हसली. “काका, माझं त्यात फार थोडं असतं. बाकीचं जगाने लिहून ठेवलेलं आहे, फुकट.”

जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आणली. पुढे मोठ्या कारभारांसाठी तिची खास आवृत्ती निघाली. पण ती इतकी किचकट, की साध्या कामालाही ढीगभर कागद रंगवावे लागत. रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने २००२ साली पुस्तक लिहून सोपी वाट दाखवली. त्या पुस्तकासोबतच्या कोडमधून ‘स्प्रिंग’ ही चौकट उभी राहिली. तिची पहिली पक्की आवृत्ती २००४ साली आली, तीही सर्वांना खुली.

स्प्रिंग काय करते, ते मला आमच्या दफ्तरीवरून कळलं. कारकून टेबलाशी येण्याआधी तो लेजर, शिक्के, शाईचं पॅड मांडून ठेवी. कारकुनाने कपाटं शोधत हिंडायचं नाही, समोरचं काम करायचं. स्प्रिंगसुद्धा प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला लागणारी सामग्री बाहेरून आणून देते. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच काही बिघडलं, तर दोन्ही नोंदी रद्द, हा नियमही तिथे एका शब्दाच्या खुणेने लागू होतो. ‘हायबरनेट’ प्रोग्राममधला खातेदार आणि डेटाबेसमधली त्याची ओळ यांची सांगड घालते. ‘जेयुनिट’ ही रोजची ताळेबंद तपासणी: एक ओळ बदलली की सगळ्या चाचण्या पुन्हा. आणि ‘मेव्हन’ म्हणजे आमचं स्टेशनरीचं मागणीपत्रक. हवं ते लिहा, ते आणतं; आणलेल्या वस्तूला आणखी जे लागतं तेही, न सांगता, आणतं.

हे सगळं विनामूल्य कसं, हे शहरी माणसाला पटत नाही. पण आपल्या शेतकऱ्याला इर्जिक ठाऊक आहे. एकाचं शेत मागे पडलं की गावचे बैल तिथे जुंपतात. मोबदला म्हणजे जेवण, आणि आपली वेळ आली की तेही येतील हा भरवसा. मुक्त सॉफ्टवेअर ही अशीच जगभरची इर्जिक. मात्र इर्जिकेला बैल न आणता नुसते जेवायला येणारेही असतात.

डिसेंबर २०२१ मध्ये ते दिसून आलं. ‘लॉगफोरजे’ हा जावातला छोटासा घटक. घडलेल्या घटनांची रोजनिशी लिहायची, एवढंच त्याचं काम. पण २०१३ पासून त्यात एक खोड राहून गेली होती. समजा, ग्राहकाने स्लिपवर नावाच्या जागी ‘तिजोरीची चावी बाहेर उभ्या माणसाकडून मागवा’ असं लिहिलं, आणि कारकुनाने नुसती नोंद करण्याऐवजी तो हुकूमच पाळला. नेमकं तसंच. या दोषाला धोक्याच्या मापावर दहापैकी दहा गुण मिळाले. जगभरातले लाखो सर्व्हर उघडे पडले. मेव्हनने न सांगता आणलेल्या सामानात तो घटक खोल दडलेला, त्यामुळे आपल्याकडे तो आहे की नाही हेच अनेकांना माहीत नव्हतं. आणि तो सांभाळत होते मूठभर स्वयंसेवक, आपली नोकरी करून उरलेल्या वेळात.

पुतणी त्या आठवड्यात रात्र-रात्र जागली. “कोड सर्वांसमोर उघडा होता, काका. म्हणजे कोणीतरी बघितलंच असणार, असं प्रत्येकाला वाटलं.”

मला माझी सही दिसली.

वही उघडी असणं आणि कोणी वाचलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडेपणाचा लाभ मोठा आहे, हे मी नाकारत नाही. ‘फिनेरॅक्ट’ ही जावा आणि स्प्रिंगवर बांधलेली बँकिंगची प्रणाली २०१७ पासून अपाची फाउंडेशनच्या मुख्य प्रकल्पांत आहे. लहानशी पतसंस्थाही ती परवान्याची फी न देता घेऊ शकते. आमच्या काळी हे स्वप्नातही नव्हतं. पण वाचलेल्या फीचा थोडा भाग तपासणाऱ्याच्या पगारावर खर्च व्हायला हवा. प्रत्येक संचालक मंडळाने आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारावं: यात कुणाकुणाचं काय आहे, त्याची यादी द्या. ते शेवटचं कधी तपासलं? सापडलेली चूक मूळ लिहिणाऱ्यांना कळवली का?

पुतणी आता अशी यादी ठेवते. सापडलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवते. तो तिचा इर्जिकेतला बैल. निघताना तिने विचारलं, “काका, सही करण्याआधी तुम्ही काय बघायचात?”

मी तिला तो तीन दिवस येत राहिलेला माणूस सांगितला. बेरीज जुळली होती, हेही सांगितलं.