रात्र तोलून धरणारा नट

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एखाद्या गावच्या जत्रेला गेलात, तर रात्री देवळामागे जिथे दशावतारी मंडळी रंगायला बसतात तिथे जरा डोकावा. पेटाऱ्याला टेकवलेला तळहाताएवढा आरसा, आणि त्यासमोर मांडी घालून बसलेला एखादा वयस्क नट. तो स्वतःच तोंडाला रंग लावतो, काजळाने भुवया ओढतो, गालावर लाल पट्टे काढतो. इथे रंगभूषाकार वेगळा नसतो. ज्याचे तोंड, त्याचीच बोटे. पाहता पाहता शांत चेहऱ्याचा माणूस राक्षस होऊन उठतो.

सिनेमात अशा दुय्यम भूमिका निभावणाऱ्या नटाला चरित्र अभिनेता म्हणतात. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव मात्र पटकन आठवत नाही. अमेरिकेचा हॅरी डीन स्टँटन असाच. तो जन्मभर छोट्या भूमिका करत राहिला. 1984 च्या ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये मध्यवर्ती भूमिका मिळाली तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे होता. आपल्याकडे ही जात पाहायची तर दशावतारात पाहावी.

राजाचे काम करणारा तो राजपार्टी, बाईचे काम करणारा पुरुष तो स्त्रीपार्टी. यांच्या नावावर गर्दी जमते. पण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कोणते आख्यान, कोण कोणाचे काम करणार एवढेच आधी ठरते. संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. म्हणून समोरचा राक्षस, ऋषी किंवा प्रधान कच्चा असला की राजाही पांगळा होतो. दुय्यम नटाने नेमका प्रश्न टाकावा, तेव्हा राजाचे उत्तर टाळी घेते. त्यासाठी पुराणे तोंडपाठ लागतात, पल्लेदार मराठी लागते आणि पेटीच्या सुरात पद उचलता यावे लागते. सुरुवातीच्या ‘आड दशावतारा’तला संकासुर तर काळ्या बुरख्याआड चेहरा झाकून, केवळ आवाज आणि अंगविक्षेप यांवर मालवणीत लोकांना हसवतो. टाळ्या त्याला मिळतात, चेहरा कोणी पाहत नाही.

ही कला पेडणे आणि डिचोलीत रुजली, त्याला इतिहासही आहे. हे दोन्ही महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचे. पोर्तुगीजांकडे ते अठराव्या शतकाच्या शेवटी गेले. पेडणे 1788 मध्ये. पोर्तुगीजांनी आधीच जिंकलेल्या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. इथली देवळे, जत्रा आणि त्यांतला काला, म्हणजे दशावतारी खेळ, मात्र टिकला. आजही वेंगुर्ले, कुडाळकडच्या कंपन्या तेरेखोल ओलांडून पेडण्यात येतात, दोडामार्गावरून डिचोलीत उतरतात. वेंगुर्ल्याच्या पार्सेकर मंडळाच्या नावात तर पेडण्याचे पार्से गावच आहे.

नेरूरचे बाबी कलिंगण आणि त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण ही या रंगभूमीची मोठी नावे. सुधीर यांना लोकांनी ‘लोकराजा’ म्हटले. 2022 मध्ये ते गेले, तेव्हा गोवा-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना हळहळ झाली. 2025 च्या ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर अशाच थकलेल्या कलावंताची भूमिका केली आणि शहरातल्या प्रेक्षकाला त्याची ओळख झाली. प्रभावळकर स्वतः जन्मभर नाना तऱ्हेच्या भूमिकांत विरघळून गेलेले नट. म्हणून ती भूमिका त्यांच्या अंगाला नेमकी बसली.

पण पडद्यावर न पोचलेले असे कितीतरी नट तुळशीच्या लग्नानंतर गावोगाव फिरत असतात. रात्र राक्षस म्हणून जागवायची, दिवस टेम्पोत झोपून काढायचा, पुन्हा पुढचे गाव. त्यांची नावे आपल्या नाट्य-इतिहासात यायला हवीत. पहिली नोंद प्रेक्षकच करू शकतो. यंदा जत्रेला जाल तेव्हा पहाटे खेळाअखेरची दहीहंडी फुटेपर्यंत थांबा. रंग पुसून, मुकुट पेटाऱ्यात ठेवून राक्षस बाहेर येईल. त्याला नाव विचारा, आणि ते लक्षात ठेवा.