अवधाण

खेड्यात अनवाणी वाढलेल्या पोराला बाभळीचा काटा काही नवा नसतो. काटा मोडतो, त्याचे टोक टाचेत राहते, पोर दोन दिवस लंगडत खेळते आणि तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ घेऊन आजीपुढे उभे राहते. आमची आजी अशा वेळी जांघेकडे पाहतही नसे. ‘‘अवधाण आलंय, पाय दाखव आधी,’’ एवढेच म्हणून ती चिमणीच्या ज्योतीवर सुई तापवी, पू वाहू देई, काट्याचे टोक काढी आणि वर जवसाचे पोटीस बांधी. शरीरशास्त्राचे पुस्तक जिने कधी डोळ्यांनी पाहिले नाही, तिला टाचेचा आणि जांघेचा हा गुप्त पत्रव्यवहार बिनचूक ठाऊक असावा, याचे मला आजही नवल वाटते. कारण त्यातला बराचसा मजकूर विज्ञानाला उलगडला तो विसाव्या शतकात.

काटा टोचला नसता तर जंतूंना आत येण्याचा परवाना मिळणे दुरापास्तच होते. त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो. तो सतत झडतो आणि झडताना आपल्यावर ठाण मांडून बसलेल्या जंतूंनाही घेऊन जातो. जिथे त्वचा संपते तिथला बंदोबस्त निराळा. श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम कफात अडकलेली धूळ आणि जंतू अहोरात्र वर, घशाकडे, लोटीत असतात. अश्रूंत आणि शेंबडात काही जंतूंचे कवच विरघळविणारे लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनच्याही काही वर्षे आधी, सर्दीने गळणाऱ्या नाकाच्या स्रावात सापडले. जठरातील आम्लाची महती तर पटकीवरून कळते: स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत, आधी सोडा पाजून आम्ल मारले असता, एरवीच्या मानाने हजारो पटींनी कमी जंतू रोग उत्पन्न करण्यास पुरेसे ठरले.

बाभळीच्या काट्याने हा बंदोबस्त एका क्षणात फोडला. पुढे काय घडते ते प्रथम दृष्टीस पडले तेही, योगायोग असा की, काट्यामुळेच. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेसिना येथे राहत होते. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली असता, एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या या गृहस्थांच्या मनात आले की, तारामाशाच्या पाण्यासारख्या पारदर्शक अळीत ज्या भटक्या पेशी हिंडताना दिसतात, त्या शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूभोवती गोळा होत असल्या पाहिजेत. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले, उत्कंठेने रात्र जागून काढली, आणि पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! पोराच्या टाचेतही हेच चालते. दुखावलेल्या पेशींतून सुटलेल्या रसायनांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि ऊन. त्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. आणि श्वेतपेशी धावून येतात, जंतूंना गिळतात, गिळता गिळता स्वतः मरतात, म्हणून पू. पुवाला आपण नाक मुरडतो, पण ती बहुतांशी कामी आलेल्या श्वेतपेशींची रास असते.

या विषयावर लिहिणाऱ्याला किल्ले, खंदक आणि फौजा यांचा मोह सहसा आवरत नाही, आणि इथवर तो मलाही आवरला असे म्हणता येणार नाही. पुढचा टप्पा मात्र रणांगणापेक्षा मामलेदार कचेरीशी अधिक जुळणारा आहे. टाचेजवळच्या काही पेशी जंतूंचे तुकडे अंगावर बाळगून लसीकावाहिन्यांच्या वाटेने जांघेतील ग्रंथीत दाखल होतात. अशा पाचसहाशे कचेऱ्या शरीरभर आहेत. तिथे लक्षावधी लसीकापेशी कारकुनांसारख्या हजर असतात, आणि विलक्षण गोष्ट ही की, त्यांपैकी प्रत्येकीला एकाच विवक्षित आकाराची ओळख असते. इतर कशाशी तिला कर्तव्य नसते. आलेला नमुना एकीपुढून दुसरीपुढे फिरतो, जिला तो ओळखता येतो ती विभागू लागते, एकीच्या दोन, दोहोंच्या चार, होता होता हजारो होतात, आणि त्या गर्दीने कचेरीच फुगते. आठवड्याच्या आत, सरकारी कामाच्या मानाने हा वेग अचाटच म्हटला पाहिजे, प्रतिपिंडे नावाची प्रथिने रवाना होऊ लागतात आणि नेमक्या त्याच जंतूला जाऊन चिकटतात. दरम्यान मेंदूकडेही वर्दी गेलेली असते. तो शरीराच्या उष्णतेचे प्रमाण वर सरकवतो, म्हणून अंगात कणकण भरते आणि तापत असलेला माणूसही गोधडी मागतो.

हा कारभार अजिंक्य मात्र नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी जो प्लेग ओळखला, त्यात रोग्याच्या जांघेत किंवा काखेत गाठ येई, आणि ती गाठ म्हणजे उलटलेले अवधाणच होते. उंदरावरच्या पिसवेने चावून आत सोडलेला प्लेगचा जंतू त्याला गिळणाऱ्या पेशीच्या पोटात जिवंत राहू शकतो. तिच्याच पोटातून प्रवास करीत तो ग्रंथीत पोचतो आणि कचेरीच ताब्यात घेतो. त्या साथीत कलकत्त्याहून मुंबईला आलेले वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते. उष्णता देऊन मारलेले प्लेगचे जंतू त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतले. मेलेल्या जंतूला कचेरी बळकावता येत नाही, पण नमुना म्हणून तो पेश करता येतो. लसीची सगळी हिकमत एवढीच. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

प्रकरण निकालात निघाले तरी दप्तर जाळून टाकले जात नाही. १८४६ साली फेरो बेटांवर गोवर आला आणि बेटांवरची बहुतेक माणसे अंथरुणाला खिळली. पण १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना, ६५ वर्षांनंतरही, तो शिवला नाही, अशी नोंद पेटर पानुम या डॅनिश डॉक्टरांनी करून ठेवली आहे. काट्याबरोबर येणाऱ्या पुवाच्या जंतूंचे दप्तर इतके पक्के राहत नाही, म्हणून आजीला दर उन्हाळ्यात सुई तापवावी लागे.

गेल्या साली दुसऱ्याच कशासाठी तपासताना एका डॉक्टरांच्या बोटांना माझ्या जांघेत वाटाण्याएवढ्या दोनतीन न दुखणाऱ्या गाठी लागल्या. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी हात बाजूला घेतला आणि विचारले, ‘‘लहानपणी अनवाणी हिंडत होतात वाटतं?’’