महागडी चेनसॉ ऐन कामात का बंद पडते? रोज तपासा या गोष्टी

रोजच्या लाकूडतोडीसाठी बनवलेली चेनसॉ दणकट असते, पण देखभाल चुकली तर तीही दगा देते. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. बऱ्याच मशीनना ५०:१ प्रमाण लागतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. आपल्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो अन् मोठा खर्च बसतो.

पेट्रोल भरताना दरवेळी चेन ऑइलही भरा, नाहीतर चेन तापून झिजते. ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की धार गेली समजा. मग जोर लावू नका, गोल कानस मारा. संध्याकाळी एअर फिल्टर साफ करा. ही सगळी कामं मशीन बंद करूनच!