छायाचित्राखालचे नाव

पावसाच्या बातमीसोबतचा धुक्यातला डोंगर, बँकेच्या जाहिरातीतील हसरे कुटुंब किंवा माहितीपुस्तिकेतील गव्हाचे शेत ही छायाचित्रे बहुतेक वेळा त्या प्रकाशनासाठी मुद्दाम काढलेली नसतात. ती आधीच काढून एखाद्या संस्थेच्या संग्रहात ठेवलेली असतात आणि गरज पडेल तेव्हा शुल्क भरून वापरली जातात. अशा छायाचित्रांना स्टॉक छायाचित्रे म्हणतात. या व्यवहारात छायाचित्रकार संस्थेशी करार करतो आणि संस्था ग्राहकाला परवाना देते, म्हणजे चित्राची मालकी न देता ठरावीक अटींवर ते वापरण्याची मुभा देते. छायाचित्रकार आणि प्रकाशक यांची एकमेकांशी गाठ पडतच नाही, आणि म्हणूनच चित्राखाली नाव छापायचे की नाही हा प्रश्न त्या दोघांच्या हातून सुटून मधल्या संस्थेच्या अटींवर जाऊन बसतो.

या अटींचा मुख्य आधार वापराचा हेतू हा असतो. बातमी, लेख, पुस्तक अशा माहितीपर मजकुरासोबत चित्र छापले तर त्याला संपादकीय वापर म्हणतात, आणि गेटी इमेजेस किंवा शटरस्टॉक यांसारख्या मोठ्या संस्था अशा वापरासाठी श्रेयाची ओळ मागतात. तिच्यात छायाचित्रकाराचे नाव आणि त्यापुढे संस्थेचे नाव असणे अपेक्षित असते. जाहिरात, वेष्टन, फलक अशा व्यापारी वापरात मात्र सहसा श्रेयाची सक्ती नसते. प्रत्यक्षात संपादकीय वापरातही जागेची टंचाई पडली की ओळीतून आधी गळते ते माणसाचे नाव, आणि संस्थेचे नाव तेवढे शिल्लक राहते. ज्याला नावाची अधिक गरज असते त्याचेच नाव जाते, ही गोष्ट अन्यायाची आहे. कारण संस्थेला तिचे ग्राहक ओळखतातच, छायाचित्रकाराला पुढचे काम मात्र अनेकदा छापून आलेल्या नावामुळेच मिळते.

व्यापारी वापरात नाव किती पूर्णपणे नाहीसे होऊ शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे विंडोज एक्सपी या संगणकप्रणालीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी. हे चित्र कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात जानेवारी १९९६ मध्ये चार्ल्स ओरिअर यांनी मामिया कॅमेऱ्याने फिल्मवर टिपले. फिलॉक्सेरा या किडीमुळे तिथल्या द्राक्षवेली काढून टाकाव्या लागल्या होत्या, म्हणून एरवी वेलींच्या रांगांनी भरलेल्या उतारावर त्या हिवाळ्यात नुसते गवत माजले होते. ओरिअर यांनी ते वेस्टलाइट या स्टॉक संस्थेकडे ठेवले, १९९८ मध्ये ती संस्था बिल गेट्स यांच्या कॉर्बिसने विकत घेतली, आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने चित्राचे सर्व हक्क घेऊन त्याला ‘ब्लिस’ हे नाव दिले. मोबदल्याचा आकडा गोपनीयतेच्या करारामुळे जाहीर झालेला नाही. पुढच्या वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि सायबर कॅफेंत ही टेकडी रोज पाहिली गेली. पण पडद्यावर नाव नसल्यामुळे ती संगणकावर घडवलेली असावी, असाच अनेकांचा समज राहिला. हक्कांचा व्यवहार रीतसर होता, मोबदलाही दिला गेला होता, तरीही एका माणसाची नजर आणि त्याचे कसब पाहणाऱ्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हते.

कायद्याने पैशाचा हक्क आणि नावाचा हक्क वेगळे मानले आहेत. साहित्य व कलाकृतींच्या संरक्षणासाठीच्या बर्न करारात १९२८ साली रोम येथील दुरुस्तीने नैतिक हक्कांची तरतूद आली. नैतिक हक्क म्हणजे कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा कर्त्याचा हक्क. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५७ हाच हक्क देते, आणि स्वामित्वहक्क पूर्णपणे दुसऱ्याला दिल्यानंतरही तो कर्त्याकडे राहतो असे स्पष्ट म्हणते. छायाचित्राचा कर्ता कोण, याचे उत्तरही त्याच कायद्यात आहे: ते टिपणारी व्यक्ती. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात मात्र नावाचा हक्क आधी लेखी सांगून ठेवावा लागतो, शिवाय वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांच्यात प्रकाशित करण्यासाठी केलेल्या कृतींना तो लागूच होत नाही. म्हणजे नाव छापणे जिथे सर्वांत स्वाभाविक, तिथेच त्याला सूट आहे. कायद्याचे बळ असूनही भारतात एका छोट्या चित्राच्या श्रेयासाठी न्यायालयात जाणे बहुतेकांना परवडत नाही, आणि अनेक संस्थांच्या करारांत नैतिक हक्क सोडून देण्याचे कलम आधीच घातलेले असते.

चुकीचे नाव छापणे हे नाव न छापण्याहून गंभीर ठरू शकते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथले छायाचित्रकार डॅनिएल मोरेल यांनी समाजमाध्यमावर ठेवलेली चित्रे दुसऱ्याच व्यक्तीने स्वतःची म्हणून पुढे केली, एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्या व्यक्तीच्या नावाने प्रसृत केली आणि गेटीमार्फत ती जगभर गेली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील ज्यूरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई देवविली.

मराठी वृत्तपत्रांत ‘संग्रहित छायाचित्र’ किंवा ‘सौजन्य : इंटरनेट’ अशी ओळ वारंवार दिसते. पहिली ओळ चित्र जुने आहे एवढे प्रामाणिकपणे सांगते. दुसरी मात्र श्रेय दिल्याचा आभास निर्माण करते आणि कोणालाच श्रेय देत नाही. मोफत चित्रांबाबतही असाच गैरसमज आहे. अनस्प्लॅशवरील चित्रांना श्रेय देणे बंधनकारक नाही, ते केवळ सौजन्य मानले जाते. पण विकिपीडियावरील बहुसंख्य छायाचित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यांखाली असतात, त्यांत कर्त्याचे नाव हीच चित्राची किंमत असते, आणि ती न चुकविल्यास परवाना आपोआप संपुष्टात येतो.

नाव हरवण्यामागे दरवेळी बेपर्वाईच असते असे नाही. डिजिटल चित्राच्या फायलीतच कर्ता, श्रेयओळ आणि स्वामित्वहक्क यांची माहिती नोंदविण्याची सोय असते. या अंतर्गत नोंदींना मेटाडेटा म्हणतात. चित्र व्हॉट्सॲपवरून पाठविले की या नोंदी सहसा पुसल्या जातात, पडदा टिपून घेतला तर त्या येतच नाहीत, आणि उपसंपादकाच्या हाती चित्र पडते तेव्हा ते निनावी झालेले असते. म्हणून संग्रहातून चित्र उतरवून घेतानाच नाव टिपून ठेवणे आणि मूळ फाइल जपणे गरजेचे ठरते. पानाच्या साच्यात चित्राच्या चौकटीला नावाची ओळ कायमची जोडलेली असेल, तर ती रिकामी दिसताच पान छपाईला सोडण्यापूर्वी कोणीतरी ते नाव विचारते.